ओल्डुवाई, स्टर्कफाँटेन की ओलोर्गेसायली? सफारीला जोडून आदिमानवाची जागा पाहायची तर

माझी भाची नाशिकला असते. घरात सातवीतला मुलगा आणि बहात्तर वर्षांचे सासरे. आफ्रिकेची सफारी ठरवताना तिने फोन केला आणि एकच प्रश्न विचारला, "मामा, सिंह-हत्ती तर सगळेच दाखवतात. माणूस जिथे घडला ती जागा वाटेत येते का? आणि येत असेल तर कुठल्या देशात जाऊ?"

तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो आहे, कारण या प्रश्नाचं उत्तर सफारीच्या माहितीपत्रकात मिळत नाही. तिथे "ओल्डुवाई भेट" अशी एक ओळ असते, बस्स.

आधी एक गोष्ट मनात पक्की करायला हवी. आदिमानवाच्या बाबतीत जागा एकीकडे असते आणि हाडं दुसरीकडे. ज्या घळीत कवटी सापडली तिथे आता कवटी नसते, तिथे तिची प्रतिकृती असते. मूळ हाड राजधानीतल्या संग्रहालयात किंवा विद्यापीठाच्या तिजोरीत असतं. म्हणून पहिला प्रश्न देशाचा नाही. तुम्हाला जागा पाहायची आहे, हाड पाहायचं आहे, की त्या माणसांनी हातात धरलेलं हत्यार पाहायचं आहे? हे एकदा ठरलं की निवड बरीच सोपी होते.

सफारीला जोडता येण्याजोगी ठिकाणं माझ्या मते तीन. टांझानियातली ओल्डुवाई घळ, दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गजवळच्या स्टर्कफाँटेनच्या गुहा, आणि केनियातलं नैरोबीजवळचं ओलोर्गेसायली. इथिओपियाचं हदार, जिथे १९७४ साली ल्युसी नावाचा आदिमानवाचा प्रसिद्ध सांगाडा सापडला, ते मी मुद्दाम बाजूला ठेवतो. ती जागा अफारच्या रखरखाटात आहे आणि तिला जोडून सफारी होत नाही. मुंबईहून आदिस अबाबामार्गे पुढे जाणार असाल तर मात्र तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी एक दिवस काढावा. केनियातल्या तुर्काना सरोवराकाठचं कूबी फोरा हेही तसंच. छोटं विमान ठरवा किंवा कित्येक दिवस खडतर रस्त्याने जा. मुलं आणि वडीलधारी मंडळी बरोबर असताना तो बेत नको.

ओल्डुवाई: वाटेवरच आहे, आणि म्हणूनच निसटते

गोरंगोरोच्या विवराकडून सेरेंगेटीला जाणाऱ्या रस्त्यावर उजवीकडे दोन भल्यामोठ्या कवट्यांचं स्मारक दिसतं. तिथून आत वळलं की काही किलोमीटरवर घळीच्या काठावर संग्रहालय आहे. बहुतेक सफारींचा मार्ग हाच असतो, म्हणजे ओल्डुवाईसाठी वेगळा प्रवास करावाच लागत नाही. अडचण अशी की वाटेवर असल्यामुळे चालकही तिला वाटेवरच्या चहाच्या टपरीसारखं वागवतो. माझ्या ओळखीचं एक कुटुंब एका सहल कंपनीबरोबर गेलं होतं. त्यांना तिथे जेवणाच्या डब्यासकट पंचवीस मिनिटं मिळाली. काठावर उभं राहून फोटो काढले, डबा खाल्ला आणि निघाले. खाली घळीत उतरता येतं हे त्यांना परत आल्यावर कळलं. त्या हळहळीतून मी शिकलो, म्हणून पुढचं जरा रेंगाळत सांगतो.

या घळीचं खरं नाव ओल्डुपाई. हे तिथे उगवणाऱ्या रानटी घायपातासारख्या वनस्पतीचं मसाई नाव. १९११ साली आलेल्या काटव्हिंकेल नावाच्या जर्मन डॉक्टरने ते चुकीचं ऐकलं आणि चुकीचंच जगभर रुजलं. हान्स रेक हा जर्मन भूशास्त्रज्ञ १९१३ मध्ये आला, आदिमानवाचे संशोधक लुई लीकी १९३१ मध्ये. त्यानंतर लुई आणि त्यांच्या पत्नी मेरी लीकी यांनी तिथे वर्षानुवर्षं उन्हात माती चाळली. दगडी हत्यारं ढिगाने मिळत होती, पण ती घडवणारा मिळत नव्हता. १७ जुलै १९५९ ला लुई तापाने तंबूत पडले होते. मेरी एकट्याच कुत्र्यांना घेऊन फिरायला गेल्या आणि उतारावर त्यांना दोन मोठे दात मातीतून डोकावताना दिसले. ती कवटी म्हणजे झिंजान्थ्रोपस, आज जिला पॅरान्थ्रोपस बॉइसी म्हणतात. दाढा एवढ्या प्रचंड की तिचं टोपणनाव पडलं अडकित्त्या माणूस. ज्वालामुखीच्या राखेवरून वय काढलं तेव्हा ते निघालं साडेसतरा लाख वर्षं. माणसाचा इतिहास पाच-सहा लाख वर्षांचा असेल असं मानणाऱ्या त्या काळाला हा धक्का होता. पुढच्याच वर्षी त्याच भागात आणखी एक जातभाई सापडला, आपल्याला अधिक जवळचा. १९६४ साली त्याचं नाव होमो हॅबिलिस ठेवलं गेलं, म्हणजे हाताचा कसबी माणूस.

काठावरून खाली पाहिलं की थर दिसतात. तळाशी काळा लाव्हा, वर करड्या राखेचे आणि मातीचे पट्टे, मध्येच एक तांबडालाल थर. जमीन दुभंगून तिची वही उघडी पडावी तसं. हे थर कसे वाचायचे ते स्थानिक मार्गदर्शक काठावरच समजावून सांगतात, ते अजिबात चुकवू नका. पण खरी गोष्ट खाली आहे. गाडीने घळीत उतरून कवटी सापडलेल्या जागेपर्यंत जाता येतं. तिथे एक छोटा दगडी खांब आहे, बाकी काही नाही. त्या जागेचं नाव एफएलके, म्हणजे फ्रीडा लीकी कोरोंगो. फ्रीडा ही लुईंची पहिली पत्नी, आणि स्वाहिलीत कोरोंगो म्हणजे ओहोळाने कापलेली घळ. ज्याला जागा महत्त्वाची वाटते त्याने त्या खांबापाशी दहा मिनिटं गप्प उभं राहावं. मला विचाराल तर तिन्ही ठिकाणांत याच्या तोडीचं काही नाही.

संग्रहालय नव्याने बांधलेलं आहे आणि नीट मांडलेलं आहे. त्यातलं सर्वांत मोलाचं दालन लाएतोलीच्या पाऊलखुणांचं. लाएतोली इथून दक्षिणेला पंचेचाळीसेक किलोमीटरवर आहे. सुमारे ३६ लाख ६० हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखीची ओली राख पडलेली असताना दोन पायांवर चालणारे जीव तिच्यावरून गेले, राख घट्ट झाली आणि १९७८ साली ती पायवाट सापडली. जवळजवळ सत्तावीस मीटर लांब. टाच, तळव्याची कमान, बाकीच्या बोटांशेजारी सरळ रेषेत असलेला अंगठा, सगळं आपल्यासारखं. मूळ पाऊलखुणा जपण्यासाठी पुन्हा मातीखाली झाकल्या आहेत, त्यामुळे ओल्डुवाईतला ठसा हीच आपली भेट. मूळ झिंज कवटीही इथे नाही, ती दार-एस-सलामला आहे. हे माहीत असलं म्हणजे निराशा होत नाही.

पैशांचं गणित इथे जरा वेगळं असतं. गोरंगोरो संरक्षित क्षेत्राचा परवाना चोवीस तासांचा असतो आणि नुसतं आरपार सेरेंगेटीला जायचं असलं तरी तो घ्यावाच लागतो. म्हणजे सेरेंगेटीला जातानाच ओल्डुवाई केली तर वर फक्त संग्रहालयाचं तिकीट आणि घळीत उतरण्याचा खर्च. विवरात उतरायला प्रत्येक गाडीमागे वेगळं आणि बरंच मोठं शुल्क आहे, ते दरपत्रकात मिळवलं आहे का हे आधी विचारून घ्या. आणि विवर आणि घळ एकाच दिवसात कोंबू नका. विवराच्या कडेवर, सुमारे २३०० मीटर उंचीवर, सकाळी स्वेटर लागतो. दुपारी घळीत डोक्यावर टोपी आणि नाकावर रुमाल लागतो. सासऱ्यांसारख्या माणसाला एका दिवसात दोन्ही म्हणजे दमछाक.

वेळ असेल तर घळीच्या पलीकडची सरकती वाळूही पाहा. ओल डोइन्यो लेंगाई ज्वालामुखीच्या काळ्या राखेची ती चंद्रकोरीसारखी टेकडी वाऱ्याने दरवर्षी काही मीटर पुढे सरकते. ज्या राखेमुळे हाडांचं वय कळलं तशीच राख डोळ्यांसमोर हलताना दिसते. मुलाला भूगोलाच्या तासापेक्षा हे जास्त लक्षात राहील.

स्टर्कफाँटेन: समजून घ्यायचं असेल तर

जोहान्सबर्गपासून वायव्येला पन्नासेक किलोमीटरवर चुनखडीच्या गुहांचा एक मोठा पट्टा आहे. १९९९ पासून तो जागतिक वारसा आहे आणि त्याला मानवजातीचा पाळणा म्हणतात. इथलं चित्र ओल्डुवाईच्या अगदी उलट. तिथे उघडं आभाळ आणि वाऱ्याने कापलेली माती, इथे जमिनीखालचा अंधार. प्राणी आणि आदिमानव वरच्या भोकांतून खाली पडले, किंवा शिकारी जनावरांनी त्यांची हाडं आत ओढली, आणि चुन्याच्या पाण्याने सगळं दगडासारखं घट्ट झालं. गुहेत उभं राहून वर उजेडाचं भोक पाहिलं की हे एका क्षणात उमगतं.

१९४७ च्या एप्रिलमध्ये रॉबर्ट ब्रूम आणि जॉन रॉबिन्सन यांना इथे मिसेस प्लेस ही ऑस्ट्रेलोपिथेकस या आदिमानवाची कवटी मिळाली. लिटल फूट या सांगाड्याची गोष्ट त्याहून विलक्षण. १९९४ साली संशोधक रॉन क्लार्क यांना जुन्या पेट्यांमध्ये, जनावरांची हाडं म्हणून ठेवलेल्या तुकड्यांत, आदिमानवाच्या पायाची चार हाडं सापडली. बाकीचा सांगाडा गुहेतच असणार असं त्यांना वाटलं. १९९७ साली त्यांनी स्टीफन मोत्सुमी आणि एन्क्वाने मोलेफे या दोन सहकाऱ्यांच्या हाती तुटलेल्या नडगीची प्रतिकृती दिली आणि अंधाऱ्या गुहेत कंदिलाच्या उजेडात जुळणारं तोंड शोधायला सांगितलं. दोनच दिवसांत त्यांना भिंतीत ते मिळालं. काँक्रीटसारख्या दगडातून पूर्ण सांगाडा मोकळा करायला पुढची वीस वर्षं लागली. शोध कोणाच्या नावावर जातो आणि प्रत्यक्ष हात कोणाचा असतो याचा मुलाबरोबर बोलताना जरूर उल्लेख करावा. मोत्सुमी आणि मोलेफे ही नावं पाठ करून जावीत अशी आहेत.

जवळच रायझिंग स्टार गुहा आहे. २०१३ साली तिथल्या खोल दालनात होमो नालेडी या आदिमानवाची हाडं मिळाली. वाटेतली एक फट जेमतेम अठरा सेंटिमीटरची असल्यामुळे मोहिमेचे प्रमुख ली बर्गर यांनी बारीक अंगकाठीच्या शोधकांना बोलावलं आणि आत उतरलेल्या त्या सहाही जणी स्त्रिया होत्या. पर्यटकांना त्या दालनात जाता येत नाही, पण मारोपेंग इथल्या माहिती केंद्रात तिची गोष्ट कळते. मारोपेंग बाहेरून गवताने झाकलेल्या टेकाडासारखं दिसतं. आत मुलांसाठी जमिनीखालून छोटी नावेची फेरी आहे आणि उत्क्रांतीची मांडणी हात लावून पाहण्यासारखी. "हे सगळं एकमेकांशी जुळतं कसं" हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्याच्यासाठी तिन्हींत हेच उत्तम.

गुहेत शिरणं मात्र प्रत्येकाला जमेल असं नाही. पायऱ्या खूप, काही ठिकाणी वाकून जावं लागतं. सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर त्यांनी मारोपेंगला निवांत बसावं, बाकीच्यांनी गुहा करावी. पुरानंतर स्टर्कफाँटेन बराच काळ बंद होतं आणि २०२५ मध्ये पुन्हा उघडलं. म्हणून निघण्याआधी त्या आठवड्यात फेऱ्या चालू आहेत ना, याची खात्री करणं आवश्यक आहे.

इथली उणी बाजू सफारीची. पाळणा आणि जंगल इथे वेगवेगळे आहेत. पिलानेसबर्गचं अभयारण्य दोन-अडीच तासांवर आहे आणि तिथे मलेरिया नाही, ही म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर असताना मोठी जमेची गोष्ट. क्रूगर चार-पाच तासांवर, तिथे मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावं लागतं. पण सेरेंगेटीत वाहनाच्या टपातून चहूकडे क्षितिजापर्यंत गवत आणि त्यात ठिपक्यांसारखी जनावरं दिसतात, आणि त्याच जमिनीवर आपले पूर्वज हिंडले हे जे एकसंध वाटतं, ते इथे मिळत नाही. त्या बदल्यात स्वतः गाडी चालवायची मोकळीक मिळते. रस्ते चांगले, वाहनं आपल्यासारखीच डावीकडून. फक्त अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा.

ओलोर्गेसायली: हत्यारं जिथे टाकली तिथेच

या जागेबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं याचं मला वाईट वाटतं. नैरोबीहून मगाडीच्या रस्त्याने साठ-सत्तर किलोमीटर. नगाँगच्या टेकड्या ओलांडल्या की रस्ता खचदरीत उतरत जातो आणि गाडीत बसल्या जागी उकाडा वाढत जातो. १९४२ साली मेरी आणि लुई लीकींना इथे जमिनीवर दगडी हातकुऱ्हाडींचा सडा पडलेला दिसला. त्यातला मोठा भाग त्यांनी उचललाच नाही. आजही लाकडी फळ्यांच्या उंच वाटेवरून चालत खाली पाहिलं की लाखो वर्षांपूर्वी टाकून दिलेल्या हातकुऱ्हाडी शेकड्यांनी पडलेल्या दिसतात. काचेचं कपाट नाही, प्रतिकृती नाही. जागा आणि वस्तू एकत्र असलेलं तिन्हींतलं हे एकमेव ठिकाण.

महाराष्ट्रातल्या माणसाला इथे एक वेगळीच ओळख पटते. अशाच हातकुऱ्हाडी आपल्या प्रवराकाठी सापडल्या आहेत. नेवाशाला पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांनी उत्खनन केलं आणि पुढे १९६० च्या दशकात जवळच्या चिर्की इथे गुडरुन कोर्व्हिनस यांनी. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या गावाच्या ओढ्याकाठी, दख्खनच्या काळ्या दगडाची, थेंबाच्या आकाराची तीच हत्यारं. ओलोर्गेसायलीतही दगड लाव्हाचाच. आणि याच कोर्व्हिनस पुढे इथिओपियात हदारच्या मोहिमेत दगडी हत्यारांवर काम करायला गेल्या. म्हणजे प्रवरा आणि अफार ही दोन टोकं एकाच बाईंच्या हातांनी जोडलेली आहेत. भाचीला मी सांगितलं, कुठेही जा, पण निघण्याआधी मुलाला पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात हातकुऱ्हाड दाखव. मग आफ्रिकेत तो ती स्वतःच ओळखेल.

सोयींच्या बाबतीत ओलोर्गेसायली अगदी साधं. छोटं संग्रहालय, मार्गदर्शक, राहायला साध्या झोपड्या. पाणी, टोपी, खाणं सोबत न्या आणि सकाळी लवकर निघा. दुपारचं ऊन सोसण्यासारखं नसतं. मसाई माराचा रस्ता नारोककडून, म्हणजे दुसरीकडून जातो, त्यामुळे याच्यासाठी नैरोबीत एक दिवस जादा धरावा लागतो. तो दिवस पूर्ण वसूल करायचा असेल तर आदल्या दिवशी नैरोबीचं राष्ट्रीय संग्रहालय करा. १९८४ साली कामोया किमेऊ यांनी शोधलेला तुर्काना बॉय, पंधरा-सोळा लाख वर्षांपूर्वीच्या मुलाचा जवळजवळ पूर्ण सांगाडा, हा याच संग्रहालयाचा ठेवा. वयाने तो तुमच्या सातवीतल्या मुलापेक्षाही लहान असावा. मानवाच्या उगमाच्या दालनात शिरताना कोणती हाडं मूळ आणि कोणती प्रतिकृती, हे मार्गदर्शकाला विचारून घ्या.

सुट्ट्या, लस आणि पाऊस

निवडीत अनेकदा शाळेचं वेळापत्रकच शेवटचा शब्द बोलतं. आपली मोठी सुट्टी मे महिन्यात. टांझानिया आणि केनियात मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ. रस्ते चिखलाचे, गवत उंच. दक्षिण आफ्रिकेत मात्र मेमध्ये कोरडा हंगाम सुरू होतो, गवत वाळतं, जनावरं पाणवठ्यावर येतात. म्हणून मेमध्येच जायचं असेल तर मी डोळे मिटून स्टर्कफाँटेन आणि पिलानेसबर्ग सांगेन. दिवाळी ऑक्टोबरात आली तर केनिया चांगला, नोव्हेंबरात छोटा पाऊस सुरू होतो. नाताळच्या सुट्टीत ओल्डुवाईला तोड नाही, कारण त्या सुमारास विल्डबीस्टचे कळप दक्षिण सेरेंगेटीत, म्हणजे घळीच्या शेजारच्या एनडुटूच्या माळावर उतरायला लागतात. फेब्रुवारीत तिथे त्यांची पिल्लं जन्मतात, पण तेव्हा शाळा असते.

केनिया किंवा इथिओपियातून परतताना भारतात पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड मागतात, आणि लस किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. साठीपुढच्या माणसांना ही लस देताना डॉक्टर जास्त विचार करतात, म्हणून सासऱ्यांच्या बाबतीत तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना भेटा. टांझानियाला आखातमार्गे जाणाऱ्यांनी त्या वेळी लागू असलेला नियम तपासावा. जेवणाची काळजी भाचीला उगाच वाटत होती. नैरोबीत आणि अरुशात गुजराती वस्ती जुनी आहे, शाकाहारी जेवण मिळतं.

तर मग कुठे?

एकट्याने, फक्त मन भरून यावं म्हणून जायचं असेल तर मी ओलोर्गेसायली निवडेन. मुलाला सगळी साखळी समजावी असं वाटत असेल, सासऱ्यांना मलेरियाची धास्ती असेल आणि सुट्टी मेमध्येच मिळत असेल, तर जोहान्सबर्ग. पण सफारी हाच मुख्य बेत असेल आणि तो एकदाच होणार असेल, तर ओल्डुवाई, कारण जंगल आणि जागा तिथे एकाच जमिनीवर आहेत. तीही फक्त एका अटीवर, की तिला वेळ दिलेला असेल.

भाचीने नाताळ ठरवला. मग सहल कंपनीला पाठवायची ओळ आम्ही फोनवरच लिहिली: "सेरेंगेटीला जाताना ओल्डुवाई इथे किमान तीन तास हवेत, जेवणाचा वेळ सोडून. गाडीने घळीत उतरून झिंज कवटीच्या जागेपर्यंत जायचं आहे, त्याचं शुल्क आणि स्थानिक मार्गदर्शकाचा खर्च दरात धरावा. त्या दिवशी विवर ठेवू नये." उत्तरात "होईल" एवढंच आलं तर पुन्हा लिही, असं सांगून ठेवलं आहे. कार्यक्रमपत्रिकेत तासांसकट छापून येईपर्यंत आगाऊ रक्कम भरू नये.